साळवेधाव

खडकीच्या हॉकी मैदानावर सराव संपला की पोरी गोलच्या जाळीवर आपापली कात वाळत घालायच्या. राखाडी, पातळ, गळ्यापासून घोट्यापर्यंत. ती बनवणाऱ्या कंपनीनं तिला भलंमोठं नाव दिलं होतं, पण ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. अंगाला चिकटते आणि सोलून काढावी लागते, म्हणून कात.

जेकब साळवे फाटकातून आत आला तेव्हा निम्म्या काती वाळत होत्या आणि निम्म्या मैदानात पळत होत्या. त्याला वाटलं, माणसं आतून काढून घेतलीत आणि कातडी तेवढी टांगून ठेवलीत.

"ये. मला वाटलं गुडघ्यांनी रजा दिली नाही," मुनीर तांबोळी खुर्चीतून न उठताच म्हणाला. मुनीर आता क्लबचा सेक्रेटरी. एकेकाळी याच क्लबचा गोलकीपर होता, आणि जेकब त्याच्या पुढ्यातला फुलबॅक.

"गुडघे गावी ठेवून आलोय. तू पोट बरोबर आणलंस ते दिसतंय."

"कोच झालास म्हणून लगेच माझ्या वजनावर येऊ नकोस. पोरींकडे बघ."

फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर जेकब श्रीरामपूरकडे गावी जाऊन राहिला होता. चर्चमागं चार डाळिंबाची झाडं, दुपारची झोप, बस. मग मुनीरचा फोन आला. जुना कोच दुसरीकडं गेला होता, पोरं सगळी क्रिकेटला पळाली होती, आता क्लब पोरींच्या जिवावर उभा होता. "तुझीच टीम आहे जेक्या, ये," एवढंच मुनीर म्हणाला, आणि जेकबनं बॅग भरली.

मैदानात पेनल्टी कॉर्नरचा सराव लागला. यात गोलरेषेवर पाच जणी उभ्या राहतात, गोलकीपर धरून. समोरची टीम बाजूनं बॉल आत ढकलते, गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, म्हणजे 'डी'च्या टोकावर एकजण तो अडवते आणि दुसरी स्टिकनं ओढून गोफणीसारखा भिरकावते. तो बॉल मोटारसायकलपेक्षा जोरात येतो. आणि बचावातल्या एकीनं त्याच्याकडंच पळायचं असतं. तिला रशर म्हणतात. तोंडावर मुखवटा, गुडघ्याला पट्टा, आणि पुढं नशीब. जेकबनं उभा जन्म हेच काम केलं होतं.

बॉल ढकलला गेला. रेषेवरून एक उंच, काटकुळी पोरगी सुटली.

उजवा पाय आधी. पहिली दोन पावलं तोकडी, मग एकदम लांब. स्टिक जमिनीला घासत डाव्या बाजूनं. डावं कोपर जरा बाहेर, कारण लहानपणी जेकबचा हात मोडला तो तसाच वाकडा जुळला होता. पोरीचा हात कधी मोडला नव्हता. तरी कोपर बाहेर होतं.

"मुन्या, हे काय आहे?"

"तू आहेस," मुनीर म्हणाला. "कंपनीवाले याला साळवेधाव म्हणतात. तुला कळवलं नाही का कुणी?"

कळवलं नव्हतं. फॅक्टरीतल्या शेवटच्या वर्षांत कंपनीच्या वतीनं एका संशोधन संस्थेची माणसं आली होती. अंगभर बटणाएवढे दिवे चिकटवून त्याला आठवडाभर या मैदानावर पळवलं, समोरून खरे बॉल मारले. जाताना एक टी-शर्ट दिला. तो घरी फरशी पुसायच्या कामी आला.

पोरगी मुखवटा काढत आली. हर्षाली ओव्हाळ तिचं नाव. बोपोडीत राहायची.

"सर, मी तुम्हाला आतून ओळखते," ती म्हणाली.

"म्हणजे गं?"

"कातीत तारा आहेत, केसासारख्या. बॉल हलला की ती मांडीला टिचकी मारते. मी पळायचं ठरवते त्याच्या आधी पाय निघालेला असतो. तुमचा पाय. सकाळी उठले की तुमचं कोपर दुखतं मला."

"मग त्याला तेल लाव. माझं कोपर आहे, नीट वागव."

ती हसली. "मॅचला कात चालत नाही. पण काही महिने घातली की अंगाला सवय लागते. आता काढली तरी असंच पळते मी. आमच्या टीमवर या मोसमात कॉर्नरवरून गोलच झालेला नाही."

जेकबला बरं वाटलं. नाही कशाला म्हणा. आपण मातीत जाऊ आणि आपली धाव मागं राहील, असं कुणाला मिळतं?

दुसऱ्या दिवशी तो गोलच्या मागं जाऊन उभा राहिला. आदल्या दिवसापासून काहीतरी टोचत होतं आणि बाजूनं बघून ते कळत नव्हतं. हर्षाली सुटली, बॉल उचलला गेला आणि थेट तिच्या मुखवट्यावर बसला. आवाज असा झाला की पलीकडच्या रस्त्यावरचा भाजीवाला थांबून बघायला लागला. हर्षाली खाली बसली, उठली, म्हणाली, "गोल नाही झाला ना?"

मुखवट्याला कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा गेला होता.

तेव्हा जेकबला कळलं. शेवटच्या दोन पावलांत तो मान डावीकडं वळवायचा आणि हनुवटी खांद्यात घ्यायचा. कायम. त्यावरून अख्ख्या खडकीनं त्याची चेष्टा केली होती. प्रेक्षकांतून "अंगचोर साळवे" अशी आरोळी यायची आणि मुनीर गोलमधून तेच सगळ्यांच्या वर ओरडायचा. एकदा बॉलनं जेकबच्या उजव्या कानाची पाळी नेली. डॉक्टर म्हणाले होते, मान सरळ असती तर डोळा गेला असता, कदाचित माणूसच.

हर्षालीची मान सरळ होती.

कंपनीची इंजिनियर आठवड्यातून एकदा यायची. शर्वरी केळकर, तिशीतली, बोलायला साधी. जेकबनं तिला फुटका मुखवटा दाखवला आणि विचारलं, "माझी मान कुठं गेली?"

तिनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर दोन रेघा होत्या. एक शेवटाला वाकलेली, पायाखाली काहीतरी आल्यावर चालता माणूस बिचकतो तशी. दुसरी सरळ.

"ही वाकलेली तुमची, आणि सरळ आहे ती आम्ही कातीत घातली. मान वळली की नजर बॉलवरून सुटते आणि स्टिक बोटभर वर जाते. त्यामुळं काही गोल व्हायचे. आम्ही त्याला गोंगाट म्हणतो. नको असलेली हालचाल. ती साफ केली."

"ती भीती होती मॅडम."

"हो," शर्वरी म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही. "आम्हाला माहीत होतं ती भीती आहे. कामाची आहे हे माहीत नव्हतं. हेल्मेट, मुखवटे चांगले आलेत, असं धरलं."

"मुखवटा हा बघा."

"मी वर लिहिते सर. पण परत घालायची म्हटलं तरी नवीन सवय बसायला तेवढेच महिने लागतील. आणि ही धाव आता पुष्कळ क्लबांत गेली आहे. शाळांतही."

रविवारी लीगची सेमीफायनल होती आणि रेल्वेच्या टीमसाठी निवड करणारे येणार होते. त्यांना रशर हवी होती. हर्षालीचे वडील नाहीत, आई शिवणकाम करते, धाकटा भाऊ दहावीला. रेल्वेची नोकरी म्हणजे त्या घराचा पाया. हे सगळं जेकबला मुनीरनं सांगितलं, तेही अशा आवाजात की पुढचं बोलायची गरज राहू नये.

जेकबनं हर्षालीला बाजूला घेतलं. कातीशिवाय पळायला लावलं. "शेवटाला मान वळव," म्हणाला. ती प्रयत्न करायची, पण बॉल हलला की पाय सुटायचे आणि मान जागेवर. टेनिसचे बॉल तोंडावर फेकून बघितले. पापणीसुद्धा लवली नाही.

"तुला भीती वाटते का गं?"

"आधी वाटायची. रेषेवर उभं राहिलं की पोटात गोळा यायचा." ती जरा आठवत राहिली. "आता यायला सवड मिळत नाही. ती येईपर्यंत मी पोचलेली असते."

"रविवारी तू पळू नकोस."

तिनं त्याच्याकडं असं बघितलं की जणू परक्यानं घराचं दार उघडलं. "सर, तुम्ही जन्मभर पळालात. मला का नको?"

तो म्हणाला, "बघू."

सेमीफायनलला बरोबरी होती आणि शेवटची मिनिटं चालली होती, तेव्हा अंपायरनं हात लांब केला. पेनल्टी कॉर्नर, खडकीवर. सगळ्या सामन्यात खडकीवर आलेला हा पहिलाच. समोर जी पोरगी मारणार होती तिचे बॉल छातीच्या वरच येतात, हे सगळ्या लीगला माहीत होतं. कॉर्नरला बाहेरचा खेळाडू आत घेता येत नाही. पण रेषेवरच्या पाचांतून कोणी पळायचं, हे कोच सांगू शकतो.

हर्षाली मुखवटा बांधत होती. स्टँडमध्ये रेल्वेचे दोघं पुढं झुकले.

"गायत्री पळेल," जेकब ओरडला. "हर्षाली खांबावर."

मुनीरनं त्याच्या दंडाला धरलं. "जेक्या, खुळा झालास का? ती पोरगी बिचकते."

"म्हणूनच."

हर्षालीनं एकदाच बेंचकडं बघितलं आणि खांबापाशी जाऊन उभी राहिली. गायत्रीनं साळवेधाव घेतली नव्हती, ती नुसती धावली. बॉल उचलला गेला तशी ती खाली वाकली, आणि तो तिच्या डोक्यावरून गोलच्या वरच्या कोपऱ्यात गेला. त्याच उंचीवर हर्षालीचा चेहरा असता. किंवा तिची स्टिक असती. हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं.

खडकी हरली. रेल्वेची माणसं गाडीत बसून गेली.

मुनीर आपल्या घरापर्यंत जेकबच्या पुढं पुढं चालत गेला. दारात म्हणाला, "मी तुला अंगचोर म्हणायचो ना, ती मस्करी होती. आज तू पोरीच्या नशिबापासून अंग चोरलंस." आणि आत गेला.

शर्वरीचा फोन आला. कंपनीनं कळवलं होतं की मान वळवणारी धाव घातली तर अडवलेले गोल कमी होतात आणि क्लब ती घेणार नाहीत. ती म्हणाली, "मी हिच्यापुरती जुनी रेघ काढून देते. त्यांना विचारणार नाही."

"द्या," जेकब म्हणाला. "पण रेघेनं मान वळेल. भीती कुठून येईल?"

"ती मला काढून देता येत नाही सर," शर्वरी म्हणाली.

तीन-चार दिवस हर्षाली आली नाही. आली तेव्हा तिनं किट खाली टाकलं आणि जेकबच्या समोर उभी राहिली.

"ती माझी नोकरी होती."

"होती."

"मला काही झालं नसतं."

"नसतंही."

"मग का?"

"तू घाबरत असूनही स्वतः 'पळते' म्हणाली असतीस तर मी अडवलं नसतं. मी घाबरत होतो आणि पळत होतो. तू पळत नाहीस पोरी, तुला पळवतात. मीच पळवतो."

तिचे डोळे भरले, पण ते रागानं. "मग आणा परत. जे काढून घेतलं ते. तुम्ही कोच आहात ना?"

जेकबनं जाळीवरचा एक मुखवटा घेतला, पट्टा ताणून डोक्यावर चढवला आणि गोलरेषेवर जाऊन उभा राहिला.

"मरियम, बॉल घे," त्यानं टीममधल्या सगळ्यात जोरात मारणाऱ्या पोरीला सांगितलं. "रविवारी मॅचमध्ये मारला असतास तसा मार."

"सर, गुडघे," मरियम म्हणाली.

"मला विचारून दुखत नाहीत ते. मार." मग हर्षालीकडं वळून म्हणाला, "तू खांबापाशी थांब. नुसतं बघ."

बॉल आत ढकलला गेला. जेकब सुटला. उजवा पाय आधी, दोन तोकडी पावलं, आणि लांब पडायला हवं होतं तिथं पाय लांब पडला नाही. गुडघा वाकला. तो तरीही पुढं गेला, अर्धा पळत, अर्धा पडत. मरियमच्या स्टिकवरून बॉल सुटला. भीतीनं मान आपोआप वळली, हनुवटी खांद्यात गेली. बॉल त्याच्या मुखवट्याची कड घासून मागं जाळीत गेला.

तो हातांवर पडला. दम लागलेला असताना त्यानं मागं बघितलं.

हर्षाली खांबापाशी उभी होती. तिची मान डावीकडं वळलेली होती, हनुवटी खांद्यात, डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हात तोंडावर. तिच्या अंगात कात नव्हती. तिला कोणी टिचकी मारली नव्हती. तिनं हळूहळू हात खाली घेतले आणि त्या हातांकडं बघत राहिली.

"हे माझं आहे?" तिनं विचारलं.

"कोणाचं वाटतंय?"

"तुम्हाला लागेल असं वाटलं." ती म्हणाली. "स्वतःसाठी येईल का पण?"

जेकब उठायला बघत होता. मरियम आणि गायत्री त्याला धरायला धावल्या. गुडघा सुजायला लागला होता. दुसऱ्यासाठी आलेली भीती स्वतःच्या मानेपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे कुठल्या संस्थेनं मोजलं होतं? आणि इथल्या एका पोरीत ती परत आली, तरी शाळाशाळांतून त्याचेच पाय घेऊन पळणाऱ्या, मान सरळ ठेवलेल्या पोरांना खांबापाशी उभं करून त्यांच्यासमोर कोण घाबरत पळणार होतं?