बाबांच्या बेलचा बोर्ड

कुवेतमधल्या राई भागातल्या त्या साइनबोर्डच्या दुकानात मी शिरले, ती धुळीच्या वादळातून जीव वाचवायला. डोळे चोळून पाहिलं, तर समोर तो – भुवयांवर ॲक्रिलिकचा भुसा, आणि शेजारी लेझर मशीन.

"पाटी बनवानी है?"

"अगं बाई, काय ही धूळ!" मी म्हणाले… आणि तो चक्क मराठीत हसला. रूपेश. देवगडचा.

मशीन बघून मला राहवेना. बाबांचा अख्खा जन्म इथल्याच मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत, मशीनांच्या घरघरीत गेला. आता दारावरची बेल त्यांना ऐकू येत नाही. बेल दाबली की खोलीत दिवा लागेल असं सर्किट मी घरीच करत होते.

"सर्किटच्या बोर्डावर तांब्याचा थर असतो, त्याला काळा रंग मारायचा," मी समजावलं. "लेझरनं नको तिथला रंग जाळायचा. उघडं पडलेलं तांबं द्रावण खातं, झाकलेलं टिकतं."

"झाकलेलं टिकतं? मग बरंय," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता मशीनचं झाकण उघडलं.

घरी बघते तर चिपचे पाय जागेवर बसेनात. अख्खा बोर्ड उलटा, आरशात बघावा तसा! मी तणतणत परत गेले. त्याचे कान लाल. "पारदर्शक पाट्या आम्ही मागून कोरतो ना, सुचित्राबाई… फाइल उलटी करायची सवयच लागलीय हाताला."

पुढच्या खेपेला रंग पातळ बसला, मग एक रेघ तुटली. खरं सांगू? काळ्या रंगाचं काम करायला नवा कुर्ता घालून कुणी जातं का? मी जात होते.

मग एकदा तो म्हणाला, "महिनाअखेर कॉन्ट्रॅक्ट संपतंय. नव्यावर सही केली नाहीये अजून. आई बोलावतेय… आणि इथं थांबायचं तरी कशासाठी?"

घरी येऊन मी एक वेडेपणा केला – शेवटची फाइल स्वतःच उलटी करून त्याला पाठवली. बोर्ड बिघडला की परत जाता येईल!

पण बोर्ड आला तो बिनचूक. चिप अलगद बसली, आणि मला रडू फुटलं. तेवढ्यात फोन.

"फाइल उलटी होती. सरळ करून कोरली मी." मग हळूच, "मुद्दाम केलंस?"

"हो… मला परत यायचं होतं. रूपेश, तू जाऊ नकोस ना. मला तू हवा आहेस."

पलीकडे मशीनचा पंखा तेवढा घरघरत राहिला. मग फोन कट.

दोन दिवस मी दारावरची बेल आणि बाबांच्या खोलीतला दिवा बोर्डाला जोडत बसले. शुक्रवारी खोलीतला दिवा लागला. माझ्याआधी बाबाच लहान मुलासारखे उठले आणि त्यांनी दार उघडलं.

"बेल चालते का बघायला आलो, काका!" रूपेश जोरात म्हणाला. मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "आणि… सही करून आलोय."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे.

"मला ऐकू येत नाही रे," ते म्हणाले, "दिसतं मात्र सगळं. ये, आत ये."