वरचीच रेघ

मिरजेत आताशा कुणाचा हात थरथरत नाही. ऐंशी उलटलेला तंबोऱ्याचा कारागीर खुंटी अशी पिळतो, की तरण्यांनी बघत बसावं. म्हाताऱ्या एका दमात सुईत दोरा ओवतात आणि वर सुनेलाच विचारतात, "चष्मा देऊ का माझा?" प्रत्येकाच्या कानामागे चिंचोक्याएवढं यंत्र असतं. त्याचं नाव तालधर. आणि हा तालधर कुठल्या प्रयोगशाळेत नव्हे, आमच्या दुकानात जन्मला, असं शालन कुंभोजकर कुणी न विचारताही सांगत असे.

दुकान तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, बापूंचं. जुन्या व्हिडिओ कॅसेटींच्या डीव्हीडी करून द्यायचं. क्लाउडवरून, त्या आकाशातल्या साठवणीवरून, लोकांचा भरवसा उडाला होता. लग्न कसं, कपाटात कुलपाखाली हवं! पण फिती पन्नास वर्षांच्या, ताणलेल्या, बुरशी धरलेल्या. लावल्या की नवरा-नवरी अंगात आल्यासारखी फडफडायची.

मेंदूचे डॉक्टर ऐनापुरे आपल्या आईवडिलांच्या लग्नाची कॅसेट घेऊन आले, तेव्हा बापूंनी त्यांना ही फडफड थांबवणारा आपला डबा दाखवला होता. "चित्र म्हणजे नुसत्या आडव्या रेघा, डॉक्टर. एकीखाली एक येतात. फीत ताणली की एखादी लवकर येते, एखादी उशिरा. म्हणून फडफड. हा डबा प्रत्येकीला दारात अडवतो. थांब बाई, ताल येऊ दे! मग एकेकीला ठेक्यात सोडतो. चित्र गप्प."

"आणि एखादी रेघ पुसलीच गेली असेल तर?"

"तर वरचीच रेघ पुन्हा. कुणाच्या बापाला कळत नाही!"

हे सांगताना बापूंच्या हातातल्या कपाने टेबलावर चहाचा सडा घातला होता. कंपवात. डॉक्टरांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा हाताकडे. मेंदूचे हुकूमही असेच मागेपुढे होतात आणि हात फडफडतो. मग त्यांनाही दारात का अडवू नये?

पहिला तालधर बापूंच्याच कानामागे बसला. बापूंनी काठोकाठ भरलेली बशी ओठाला लावली, थेंब सांडला नाही. शालन आधी रडली, मग तिने गल्लीभर पेढे वाटले.

त्यानंतरची वर्षं झकास गेली. बापू हसत, गप्पा मारत, आवाज म्हणून चढवत नसत. तेच किस्से फिरून फिरून सांगत. पण नवरा तेच ते बोलतो म्हणून कुठल्या बायकोला संशय येतो?

मग एके दिवशी लग्नाची कॅसेट चालू असताना बापू म्हणाले, "या नवरदेवापेक्षा घोडी देखणी!" आणि त्यांनी करंगळीने कान खाजवला. शालन पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी मुंजीची कॅसेट लागली. पडद्यावर गोटा केलेला बटू भोकाड पसरून रडत होता.

"या नवरदेवापेक्षा घोडी देखणी!" बापू म्हणाले. तोच दम, तोच ठेका, कानात तीच करंगळी.

शालन हसली नाही. जन्म गेला होता तिचा या धंद्यात; वरचीच रेघ पुन्हा आलेली तिला बरोबर कळली. तिने दुकानाचं शटर ओढलं आणि बापूंना रिक्षात घालून थेट ऐनापुऱ्यांचा दवाखाना गाठला.

"डॉक्टर, यांच्या रेघा भरणं बंद करा. फितीवर खरं काय उरलंय ते बघायचंय मला."

डॉक्टर चाचरले. "वहिनी, तालधर हात धरतो, आजार नाही. आजार वाढतच जातो. मग मेंदूतून हुकूम येणंच थांबतं, तिथे यंत्र जुनी रेघ घालतं. जुनं हसू, जुनं बोलणं. बापू जेवतात, हिंडतात, तुमच्याशी बोलतात. काय वाईट आहे?"

"माझ्याशी बोलतं कोण?"

"बापूच की. फक्त... आधीचे."

"कधीचे आधीचे?"

डॉक्टर टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"आणि गावातले बाकीचे?"

"अजून कुणी विचारलेलं नाही," डॉक्टर म्हणाले आणि नकळत त्यांचा हात स्वतःच्या कानामागे गेला.

"मी विचारतेय. बंद करा."

शेजारच्या खुर्चीत बापू प्रसन्न हसत होते. डॉक्टरांनी त्यांच्या कानामागच्या तालधराची कळ दाबली आणि ते हसू दिवा मालवावा तसं गेलं. मान कलली. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. शालनने त्यांचा हात हातात घेतला. हात थंड होता आणि स्थिर होता.

बऱ्याच वेळाने तिच्या तळव्यात काहीतरी फडफडलं. बापूंची बोटं. मग मनगट, मग सगळा दंड थरथरू लागला. एके काळी याच थरथरीला तिने लाख शिव्या घातल्या होत्या. आज तिने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. बापूंची नजर भिंतीवरून, डॉक्टरांवरून भटकत भटकत तिच्यावर आली आणि तिथेच अडली.

"शा... शालन? केस कधी पिकले गं तुझे?"

"हळूहळू पिकले," ती म्हणाली.

बापू तिच्याकडे बघत राहिले. पुढचा शब्द जुळवायला त्यांना फार कष्ट पडत होते.

"एवढी वर्षं... एकटीच होतीस?"

हो म्हणायला शालनने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. एवढ्या वर्षांत तिला एकदाही एकटं वाटलं नव्हतं.