गेटवरची बारावी पास

चाकणच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटसमोर, एप्रिलच्या उन्हात, इंद्रायणी एका अनोळखी पोरासाठी खोटं बोलली. तेही स्वतःच्या खोट्याची पाळी यायच्या आत.

गेटबाहेर लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत ठेकेदाराचे बबनराव बसले होते. हेल्पर भरायचे होते, आणि बबनरावांचा नेम एकच – शिकलेला घ्यायचा नाही. शिकलेला टिकत नाही, वर प्रश्न विचारतो. म्हणून रांगेतले निम्मे लोक आपापली डिग्री घरी ट्रंकेत ठेवून आले होते. इंद्रायणी तिची एम.एस्सी. राजगुरुनगरला ठेवून आली होती.

तिच्या पुढच्या पोराची पाळी आली. निळा शर्ट, उन्हानं लाल झालेली मान.

"शिक्षण?"

"बारावी."

"इंजिनेर न्हाई ना रं तू?"

"नो सर."

बारावीवाला 'नाही साहेब' म्हणतो, 'न्हाई ओ' म्हणतो. 'नो सर' कोण म्हणतो? चार वर्षं तोंडी परीक्षेला घाम गाळलेला म्हणतो! बबनरावांच्या भुवया वर चढल्या.

"पिक्चरचं वेड आहे त्याला, साहेब," इंद्रायणी मागून म्हणाली. "रिक्षावाल्याशीसुद्धा इंग्रजीत बोलतो. आई वैतागलीय त्याची."

रांग हसली. बबनरावही हसले. मग तिनंही 'बारावी' सांगितलं, आणि दोघं आत गेले.

"तुम्ही... माझ्या आईला ओळखता?" त्यानं विचारलं.

"नाही. पण 'नो सर' ओळखते. पुन्हा म्हणालात तर बघा!"

गणराज त्याचं नाव. लातूरकडचा, मेकॅनिकल इंजिनिअर. आणि दोघांना मिळालेलं काम काय, तर गाडीच्या वायरींना रबरी टोप्या बसवायच्या. वायर घ्या, टोपी घाला, पुढं सरकवा. दिवसभर. आपल्या शिक्षणालाही कुणीतरी अशीच टोपी घातलीय, असं इंद्रायणीला वाटायचं. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर कायमचा राहायला आला होता.

गणराज मात्र शांत. लाइनच्या सरकत्या पट्ट्यापलीकडून बघायचा, हसायचा. तिच्या बोटाला फोड आला तेव्हा घट्ट टोप्यांची पेटी त्यानं न बोलता स्वतःकडं ओढून घेतली.

"आज कुणावर चिडायलात?" कँटीनमध्ये तो विचारायचा.

"शिका शिका म्हणणाऱ्यांवर. आता शिकलेलं लपवा म्हणणाऱ्यांवर. आणि तुमच्यावर!"

"मी काय केलं हो?"

"तुम्ही चिडत नाही!"

"तुम्ही दोघांचं चिडून घेता की..." असं म्हणून तो आपल्या वाटचा गूळ तिच्या ताटात सरकवायचा.

दिवाळीनंतर कंपनीनं शिकाऊ इंजिनिअर घ्यायचं ठरवलं; एम.एस्सी.वालेही चालणार होते. दोघांनी अर्ज केले. अशा मुलाखतीला आणखी एक खोटं लागतं, हे चाकणात ज्याला त्याला ठाऊक. गेटवर डिग्री लपवायची, ऑफिसात हेल्परकी लपवायची. सध्या काय करता? घरी अभ्यास करतो. लाइनवरचे चेहरे ऑफिसला ओळखू येतच नव्हते. डोक्यावरची टोपी काढली की माणूस नवा. पण खरं बोललं की तीही नोकरी गेली आणि हीही.

"पाठ केलं ना?" ऑफिसबाहेरच्या बाकावर तिनं विचारलं.

"केलं. घरी अभ्यास करतो." मग हळूच म्हणाला, "लागली नोकरी तर... तुम्हाला एक विचारायचंय."

तिची कानशिलं तापली – या खेपेला रागानं नाही.

तिलाच आधी बोलावलं. साहेबांनी कागद चाळला. "घरी बसून एवढे दिवस वाया घालवले तुम्ही?"

वाया! तिला बोटावरचा फोड आठवला, आणि पाठ केलेलं सगळं कुठल्या कुठं गेलं.

"घरी नाही बसले. या भिंतीपलीकडं बसले, तुमच्याच लाइनवर, बारावी पास म्हणून! तुम्हाला शिकलेला हेल्पर चालत नाही, अन् हेल्परकी केलेला इंजिनिअर चालत नाही. मग आम्ही जन्मायचं कुठल्या शिफ्टला?"

बाहेर येऊन ती बाकावर आदळली. "माझं संपलं," ती म्हणाली. "तुम्ही मात्र पाठ केलेलंच बोला. शपथ आहे माझी."

गणराज आत गेला आणि लगेच बाहेर आला.

"काय विचारलं?"

"आत्ता गेलेल्या बाईंना ओळखता का, म्हणाले."

"मग?"

"समोर बसून टोप्या घालतो म्हटलं."

"अहो, वेडे का काय! एकाला तरी लागली असती! नुसतं 'नाही' म्हणायचंत!"

"ओळख नसताना तुम्ही गेटवर ओळख दाखवली. मी ओळख असताना नाही कसं म्हणू?" त्याचा आवाज चढला होता. "आणि चिडलो मी. पहिल्यांदाच."

दुपारीच बबनरावांनी दोघांचे गेटपास काढून घेतले. बाहेर तीच लाल खुर्ची, कंटेनरनं उडवलेली धूळ, आणि नवी रांग. बारावी... बारावी... बारावी...

"लागली तर विचारणार होतो," गणराज धुळीकडं बघत म्हणाला. "आता कोणत्या तोंडानं..."

"माझं तोंड आहे की! लग्न करणार का माझ्याशी? आणि हा राग माझ्यासोबतच येणार, जाणार नाही, आत्ताच सांगते. घाबरलात?"

त्यानं मान वर केली. डोळे हसत होते.

"नो मॅडम."

अख्खी रांग वळून बघायला लागली. बबनरावही. इंद्रायणीनं त्यांच्याकडं टक लावून पाहिलं, गणराजचा हात धरला, आणि या वेळी पिक्चरचं काही सांगितलं नाही.