आरोहीनं पाठवलेले पाहुणे

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकमागच्या गल्लीत आमचं रो हाऊस आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि आमची खोली, वर गच्चीला लागून आणखी एक खोली. ती आमच्या मुलीची, आरोहीची. पण ती कॉलेजात गेली तेव्हापासून त्या खोलीत तिच्यापेक्षा पाहुणेच जास्त राहिले. पाठीवर बॅग टाकून देशोदेशी हिंडणाऱ्या मुलांना घरी फुकट उतरू देणाऱ्यांची एक वेबसाइट होती. तिच्यावर तिनं आमचा पत्ता टाकला होता. वर्षातून चार-पाच जण यायचे. सरिता, माझी पत्नी, सुरुवातीला कुरकुरली, पण मग तिलाच त्याचा नाद लागला. इंग्रजी जेमतेम असूनही त्या पोरांना जेवू घालता घालता ती त्यांच्या घरची सगळी माहिती काढून घ्यायची.

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. काट्यानं भलता आकडा दाखवला की आधी काटा तपासायचा आणि मग बॉयलरची काळजी करायची, ही माझी नोकरीभरची सवय. निवृत्त झाल्यावरही ती गेली नाही.

पाहुण्यांकडूनच आरोही हिंडायला शिकली. नोकरी लागल्यावर सुट्ट्या साठवायची आणि निघायची. कमी पैशांत कसं फिरायचं यावर ती जेवताना तासभर बोलू शकायची. नवख्या गावात उजेडी पोचायचं. ट्रकवाले जेवतात तिथे जेवायचं. कपडे दोनच जोड, एक अंगावर, एक दोरीवर. खोलीचं भाडं ठरवण्याआधी बाजारात टोमॅटोचा भाव विचारायचा, म्हणजे गाव महाग की स्वस्त ते कळतं. सरिता म्हणायची, एवढी काटकसर घरी कधी दिसली नाही.

लाओसमध्ये नदीतून जाताना तिची नाव उलटली. बाकीचे वाचले. आरोही दोन दिवसांनी खालच्या एका गावाजवळ सापडली. मी गेलो. ओळख पटवायला मला आत नेलं, तेव्हा तिच्या डाव्या भुवईतली लहानपणची खोक मी पाहिली. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की ओळखण्यात चूक झाली असावी. चूक झाली नव्हती. मी तिला घेऊन आलो. अमरधामात अग्नी दिला आणि अस्थी रामकुंडात सोडल्या. वेबसाइटवरचा आमचा पत्ता मीच काढून टाकला.

सरितानं फोटोला हार घालू दिला नाही. फोटोच लावू दिला नाही.

पुढच्या थंडीत एका सकाळी फाटकाशी एक मुलगी उभी राहिली. मार्ता, पोलंडची. पाठीवर तिच्याहून मोठी बॅग. म्हणाली, मला आरोहीनं पाठवलंय.

सरितानं तिला आत घेतलं. मी समोर बसलो. मार्ता पहिल्यांदाच एकटी निघाली होती. उत्तर थायलंडमधल्या एका बसस्थानकावर ती घाबरून रडकुंडीला आली असताना शेजारच्या बाकावर बसलेली आरोही तिच्याशी बोलायला लागली. भारतात कसं फिरायचं ते सगळं तिनं समजावलं. पैसे दोन ठिकाणी ठेव. पत्ता विचारायचा तर कडेवर मूल असलेल्या बाईला विचार, मग आणखी एकीला विचार, आणि दोघींचा हात एकाच दिशेला गेला तरच चालायला लाग. नाशिकमध्ये द्वारका चौकात उतर, तिथून सिटी बस, बोगदा ओलांडलास की ट्रॅक विचार. आमच्या घरी वरची खोली आहे. आई जेवायचा आग्रह करील, दोनदा नको म्हण आणि तिसऱ्यांदा बस.

मार्ता हे हसत सांगत होती. मी हिशोब मांडत होतो, की ही भेट अपघाताच्या आधीची असणार. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, कधी भेटली? ती म्हणाली, गेल्या महिन्यात.

मी तिचा पासपोर्ट पाहायला मागितला. कुठल्या कुठल्या देशांचे शिक्के आहेत बघू, असं म्हणालो. थायलंडचा शिक्का नोव्हेंबरचा होता. आरोहीला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.

सरितानं मला खुणेनं गप्प केलं. मग एवढंच विचारलं, की ती वाळलीय का. मार्ता म्हणाली, मी तिला माझ्यातलं अर्धं जेवण देऊ केलं होतं. तिनं घेतलं नाही. बजेटमध्ये बसत नाही, म्हणाली.

मार्ता गेल्यावर मी काटा तपासायला घेतला. आरोहीचं नाव आणि आमचा पत्ता इंटरनेटवर कुणाच्या तरी हाती लागला असेल. कुणी तिची मैत्रीण असेल, कुणी वेडी असेल. तिच्यासोबत फिरलेल्या मुलामुलींना मी फोन केले. त्यांच्यापैकी कुणी थायलंडला गेलं नव्हतं. एक मुलगी फोनवरच रडायला लागली, तेव्हा मी ते थांबवलं.

सरितानं काही तपासलं नाही. तिनं वरच्या खोलीतली चादर बदलली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी इतो नावाचे एक जपानी गृहस्थ आले. निवृत्त शाळामास्तर, माझ्याच वयाचे. त्यांना ती इम्फाळच्या बाजारात भेटली होती. पत्ता बरोबर दिला होता, पण माझं घर असं ती म्हणाली नव्हती. ओळखीचे लोक आहेत, चांगले आहेत, एवढंच. दोघांनी एका बसनं काही अंतर सोबत कापलं. इतोंनी एक गोष्ट पाहिली होती आणि ती सांगावी की नाही असं त्यांना होत होतं. कंडक्टरनं सगळ्यांची तिकिटं काढली, पण तिच्याकडे वळलाच नाही. वाटेत चहाला थांबले तेव्हा चहावाल्यानं तिच्यासमोर पेला ठेवला नाही. इतोंनी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, हाच सगळ्यात स्वस्त प्रवास. आपल्याला कुणी मोजत नाही तिथे काही लागत नाही.

ते दोन दिवस राहिले. दोन्ही दिवस सरिता त्यांच्याजवळ बसून होती. त्यांना तिचं इंग्रजी कळत नव्हतं आणि तिला त्यांचं. जाताना त्यांनी वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ वर पाहिलं नाही. मला वाटतं, त्यांना समजलं होतं.

त्या दिवशी सरिता म्हणाली, "थायलंड, मग इम्फाळ. येतेय ती."

 बोलण्यासारखं माझ्याकडे जे होतं ते मी लाओसमध्ये डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तिनं पाहिलं नव्हतं.

त्यानंतर सरितानं बाहेर जाणं सोडलं. भाजी मीच आणायचो. ती पुढच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायची, कडेवर मूल घेतलेली बाई गल्लीतून गेली की उठून बघायची आणि पुन्हा बसायची. दुपारी पाठ टेकत नसे. तिचं वजन उतरलं. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या तिनं घेतल्या नाहीत. गाढ झोप लागली आणि बेल ऐकू आली नाही तर काय, असं तिचं म्हणणं.

दिवाळीनंतर जोबी आला. केरळचा, सायकलवर भारत फिरणारा. भुसावळच्या अलीकडे एका ढाब्यासमोर, रस्त्याच्या कडेला त्याला एक मुलगी बसलेली दिसली होती. तिनं त्याला विचारलं, नाशिक कुठल्या बाजूला? त्यानं फोनवर नकाशा दाखवला. मग तिनं त्याला आमचा पत्ता सांगितला, घर नंबरासकट.

"तिचं नाव काय?" मी विचारलं.

नाव तिनं सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलं होतं, तेव्हा ती विचारात पडली आणि मग दुसरंच बोलायला लागली. म्हणाली, नाशिकला एक घर आहे, तिथे वाटसरूंना फुकट उतरू देतात असं ऐकलंय. वर खोली आहे म्हणे. मीपण तिकडेच निघालेय.

जोबी थालीपीठ खात होता. त्याला वाटलं आम्ही खूश होऊ, एवढ्या लांब आमचं नाव झालंय म्हणून.

मी सरिताकडे पाहिलं. ती त्याला आणखी लोणी वाढत होती. नंतर तो अंघोळीला गेला तेव्हा ती म्हणाली, "नाव नसू दे आठवत. दारात आली की आठवेल."

माझी थोरली बहीण कुसाबाई दिंडोरीला असते. त्यांची द्राक्षबाग आहे, छाटण्या आटोपल्या की ती चार दिवस आमच्याकडे येते. सरिताची अवस्था पाहून तिनं मला वर गच्चीत नेलं आणि सगळं काढून घेतलं. मी हे कुणाला पहिल्यांदाच सांगत होतो.  शेवटी म्हणाली, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करा. पाण्यात गेलेलं माणूस, परक्या मुलखात गेलेलं, त्याला ते करावंच लागतं.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण सरिता माझ्यासमोर झिजत होती आणि दुसरं काही मला सुचत नव्हतं. विधीला नवराबायको दोघांना बसावं लागतं आणि तो पुरा होईपर्यंत त्र्यंबक सोडता येत नाही. सरिता नाहीच म्हणाली. ती एवढ्या लांबून चालत येतेय आणि मी घर बंद करून जाऊ?

कुसाबाईनं तिचा हात धरला. "तिच्यासाठीच करायचं हे, सरिता. लय भटकलं लेकरू. हे केलं म्हंजे तिची वाट मोकळी व्हईल."

सरिता तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, वाट मोकळी होणार असेल तर येते. ती वाट कुठली, हे आम्हा तिघांपैकी कुणी बोललं नाही.

निघताना सरितानं वरच्या खोलीची किल्ली शेजारच्या आशाकडे दिली. आशा आणि तिचा नवरा त्याच वर्षी शेजारी भाड्यानं आले होते, आरोहीला त्यांनी पाहिलेलं नव्हतं. बॅगवालं कुणी आलं तर खोली उघडून दे, बसव, खायला घाल, असं सरितानं तिला बजावलं.

त्र्यंबकला थंडी होती. ब्रह्मगिरीवरून वारा यायचा आणि कुशावर्ताचं पाणी अंगाला चावायचं. सरिता पांढऱ्या कोऱ्या साडीत माझ्या शेजारी बसली होती. गुरुजींनी सांगितलं तसं मी करत गेलो. पिठाचा पुतळा केला, त्याचे सगळे सोपस्कार केले. एका क्षणी सरितानं त्या पुतळ्याच्या कपाळावर बोट टेकवलं, डाव्या बाजूला, आणि लगेच काढून घेतलं. गुरुजी म्हणाले, आता मागे वळून पाहू नका. आम्ही पाहिलं नाही.

घरी आलो तेव्हा आशानं किल्ली परत दिली. म्हणाली, कुणी परदेशी पाहुणा आला नाही, काकू.

त्यानंतर कुणीच आलं नाही. थंडी संपली, उन्हाळा गेला. सरिता हळूहळू गॅलरीतून उठली. बाजारात जायला लागली, रात्री गाढ झोपायला लागली. एके दिवशी तिनं वरच्या खोलीतली गादी उन्हात टाकली आणि संध्याकाळी ती उचलून खाली माळ्यावर ठेवली. मग स्वतःच आरोहीचा फोटो कपाटातून काढून आणला आणि आमच्या खोलीत लावला. रडली ती त्या दिवशी. दोन वर्षांत पहिल्यांदाच. मला वाटलं, बरं झालं. कुसाबाईला फोन करून तसं सांगितलंही.

परवा आशा निरोप घ्यायला आली. तिच्या नवऱ्याची बदली झाली होती. सरिता आत चहा ठेवायला गेली. आशा हॉलमध्ये माझ्यासमोर बसली होती, सामान बांधण्याच्या गडबडीचं बोलत होती. मग म्हणाली, काका, तुम्हाला एक सांगायचं राहूनच गेलं. तेव्हा मला महत्त्वाचं वाटलं नाही.

तुम्ही त्र्यंबकला होतात ना, तेव्हा शेवटच्या दिवशी दुपारी एक मुलगी आली होती. परदेशी नव्हती. चांगलं मराठी बोलत होती, तुमच्या त्या पाहुण्यांपैकी वाटली नाही, म्हणून मी किल्ली दिली नाही. इथे उतरता येतं ना, असं विचारत होती. मी म्हटलं, घरचे नाहीत. तर तुमच्या पायरीवर बसली.

मी आशाला थांबवू शकलो असतो. थांबवलं नाही.

आशा सांगत राहिली. ती मुलगी म्हणाली, घरचे कुठे गेलेत? मी सांगितलं, त्यांची मुलगी बाहेरच्या देशात बुडून गेली, तिच्या विधीला गेलेत. तिनं विचारलं, मुलीचं नाव काय. मी म्हटलं, आरोही.

आतून कपबशांचा आवाज येत होता.

"मग ती वळून तुमच्या दारावरची पाटी वाचत राहिली," आशा म्हणाली. "नंतर म्हणाली, मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा मला वाटलं, ही आरोहीची कॉलेजची मैत्रीण असेल. वाईट वाटलं हो. मी पाणी आणते म्हटलं, तर नको म्हणाली."

"आणि?"

"मग तिनं विचारलं, आईपण गेलीय का तिकडे? मी म्हटलं, हो, दोघांना बसावंच लागतं. तर म्हणाली, बरं. मग मी थांबत नाही."

मी दाराकडे पाहिलं. सरिता अजून आतच होती.

आशानं आवाज जरा खाली आणला. उठताना त्या मुलीला पाठीवरची बॅग पेलवेना, म्हणून तिनं खालून हात दिला होता. भलती जड होती, म्हणाली. कपड्यांची वाटत नव्हती.

"आत पाणी हलल्यासारखं झालं, काका."