चंचलची नळी

मंदाकिनी आणि अभयकुमार यांची ओळख झाली ती भांडणानंच.

एकोणनव्वद सालचा भाद्रपद. धुळ्याच्या दातांच्या प्रयोगशाळेतून ती एरंडोलच्या शाळेत मुलांच्या लाळेचे नमुने घ्यायला आली होती. मेणाचा तुकडा चघळायचा, साचलेली लाळ बाटलीत थुंकायची – पोरांची हसून पुरेवाट! पण फाटकासमोरच्या दुकानातून पोरं गालात लिमलेटच्या गोळ्या धरून यायची. तोंडात गोळी म्हणजे नमुना फुकट. ती तरातरा दुकानात गेली.

"शेठ, निदान आज तरी गोळ्या विकू नका!"

गल्ल्यावरच्या तरुणानं, अभयकुमारनं, मान वर केली. हसरे, पण दमलेले डोळे. "आणि उद्या, मॅडम?"

"उद्या… उद्याही नकोच."

"मग मी पोट कशावर भरू?" असं म्हणत त्यानं बरणीचं झाकण मात्र घट्ट लावलं.

दुपारी ती बर्फाचा डबा मांडीवर घेऊन धुळ्याच्या बसमध्ये बसली. पारोळ्याच्या अलीकडेच बस आचके देत थांबली. कंडक्टर झुलाल हात पुसत म्हणाला, "गाडी बिघडी गयी, बाई. दुसरी वाट देखा."

बर्फ वितळत होता. नमुने आज पोचले नाहीत तर सगळंच वाया, आणि उद्यापासून शाळेला गणपतीची सुट्टी! रस्त्यावर भुरभुर पाऊस… तेवढ्यात एक मेटॅडोर शेजारी थांबली. गाडी चालवत होता तोच गोळ्यांचा दुकानदार.

"मॅडम, माल आणायला धुळ्यालाच चाललोय."

परक्या पुरुषाच्या गाडीत? कुणी पाहिलं तर? तिनं डब्याकडे पाहिलं आणि ती चढली.

पारोळ्याला तो भिजत पळत गेला आणि बर्फ घेऊन आला. केसांतून पाणी निथळत होतं. आपण रुमाल पुढे केलाय, हे तिच्या जरा उशिरानंच लक्षात आलं.

"थुंकीवरून दातांचं कसं कळतं हो?" त्यानं तोंड पुसत विचारलं.

"तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, त्यानं दात किडतो. आम्ही नळीतल्या हिरव्या औषधात लाळ घालून उबेत ठेवतो. असे जंतू जास्त असले तर औषध लवकर पिवळं पडतं. कीड लागायच्या आधीच कळतं."

त्यानं गाडीचा वेग कमी केला. "माझ्या पुतणीचाही नमुना आहे या डब्यात… चंचलचा. आईबाप अपघातात गेले तिचे. रात्री रडायची, म्हणून मी गोळी द्यायचो. अजून देतो."

प्रयोगशाळेत मंदाकिनीनं आधी चंचलची नळी पाहिली. पिवळीजर्द.

सुट्टी संपताच ती एरंडोलला निघाली. कसं सांगायचं? वाटभर शब्द जुळत होते, मोडत होते. हा सगळा घोर काय फक्त त्या नळीपायी?

ती दुकानात शिरली तेव्हा तिचा चेहरा पाहूनच तो म्हणाला, "पिवळी?"

तिनं मान हलवली. तो मटकन पोत्यावर बसला. "मीच केलं हे…"

"ऐका तरी! दात अजून धड आहेत तिचे. आत्ता जपलं तर वाचतील. गोळ्या बंद, दोन वेळा दात घासायचे, आणि डॉक्टरांकडून फ्लोराइडचा लेप मी लावून घेते."

"आणि रात्री रडली तर?"

"जवळ घ्यायचं. गोष्ट सांगायची."

"मला गोष्टी कुठे येतात!"

"मला येतात," ती बोलून गेली… आणि तिनं जीभ चावली.

बाहेर पागोळ्या गळत होत्या. तो हळूच म्हणाला, "आईला मी विचारलंय."

"काय?"

"परजातीची, पाटलांची मुलगी सून म्हणून चालेल का. म्हणजे तुम्ही. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाहीये."

"अन् मला न विचारताच?"

"आता विचारतोय ना… मंदाकिनी."

वडिलांचा संताप, भाऊबंदांचे टोमणे, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"रविवारी घरी या," ती म्हणाली. "वडिलांना मी आधी सांगून ठेवते. ते ओरडतील… पण तुम्ही उठून जाऊ नका."

"नाही जाणार," तो म्हणाला.