बर्फाच्या बेटावरचा मुक्काम

दिवा जरा पलीकडे सरकव, माझ्या तोंडावर उजेड नको. मी सांगते ते भुताचं आहे की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. तू ऐक, आणि तूच सांग.

मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढल्या पौषातली गोष्ट. माझा शालिग्राम अमेरिकेत नोकरीला. सहा वर्षं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. मला अक्षर येत नाही, म्हणून पत्र आलं की पदरात बांधून मी पन्नालालशेठच्या घरी जायची. त्यांची सून कुसुमलता वाचून दाखवायची, उत्तरही तीच लिहायची.

त्या दिवशी ती वाचता वाचता हसली. "अक्का, शालिग्रामभाऊ घरी येताहेत. पण विचारतात, कुठल्या विमानानं येऊ?"

"विमान काय अमळनेरची एसटी आहे, मला विचारायला?"

तिनं सुपातल्या तुरीत बोटानं रेघ ओढली. "हा समुद्र. एक विमान सरळ ओलांडतं, ते महाग. दुसरं स्वस्त, पण मधे एका बर्फाच्या बेटावर उतरवतं. तिथं एक दिवस मुक्काम, मग पुढचं विमान. स्वस्तातलं घेतलं तर पुढच्या वर्षी लतालाही घेऊन येईन म्हणतात."

लता म्हणजे माझी सून, भुसावळची; तिकडं त्याच्याजवळच असते. पण मला फक्त 'पुढच्या वर्षी' एवढंच ऐकू आलं. एकाच्या जागी दोनदा येणार माझं लेकरू!

"लिही, स्वस्तातलं घे."

कुसुमलतेनं पेन उचललं आणि थांबली. "आबांचं दुखणं लिहू ना?"

आबा म्हणजे माझे मालक, तोताराम. दसऱ्यापासून खाटेवर होते. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की फार दिवस नाहीत. पण परमुलखातल्या माणसाला वाईट कळवू नये, ही आमची रीत. एकट्यानं निघायचं, वाटेत त्याचे डोळे कोण पुसणार?

"लिही, बठ्ठं बरं शे. सगळे खुशाल."

"खोटं लिहायला माझी शाई फार महाग पडते, अक्का," ती म्हणाली. पण लिहिलं.

वर मी एक ओळ घालायला लावली: मुक्काम मोडताना स्वतःचं नाव घेऊन ऊठ.

ते असं. पूर्वी आम्ही कापसाच्या गाड्या घेऊन धुळ्याला जायचो. वाटेत मुक्काम पडे. सकाळी बैल जुंपताना घरातलं वडील माणूस एकेकाचं नाव घेई, "चाल रे, चाल." ज्यानं त्यानं "उनू", म्हणजे आलो, म्हणायचं. अंग उठतं, पण जीव कधी कधी झोपूनच राहतो. तो मुक्कामाला राहू नये म्हणून ही हाक. माझी सासू बजावायची, "हाक मुक्कामावर उभं राहून मारायची. घरून मारलीस तर नुसता जीव येईल, अंग तिथंच. आणि निरोप दिल्याबिगर तो जायचा नाही."

यायचा दिवस उजाडला. मावळला. दुसराही गेला. आबांचा श्वास आता छातीतच घुटमळत होता. डोळे दाराकडे.

"उना का?"

"येईल... येतोच आहे."

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं गाव कापूस वेचायला गेलेलं. कडक ऊन. आबांनी पुन्हा विचारलं, पण आवाज निघाला नाही, नुसते ओठ हलले. सरळ विमान सांगितलं असतं तर पोरगं आज बापाच्या उशाशी असतं. सासूचं बोलणं मला आठवत होतं, बरं का. आठवत असूनच मी उंबऱ्यात उभी राहिले, मावळतीकडे तोंड केलं.

"शालिग्राम, चाल रे घर... तुन्हा बाप वाट देखी राह्यना..."

तीनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला निंबावरचे कावळे गप्प झाले. गोठ्यातल्या बैलानं मान हलवली, पण घंटेचा आवाज आला नाही. मग वास आला. धुळ्याला बर्फाच्या कारखान्याच्या दारातून जाताना येतो ना, तसा ओला, गार वास. आणि अंगणात शालिग्राम उभा. काळा कोट. खांद्यावर काहीतरी पांढरं, ते उन्हात विरघळत नव्हतं.

"उनू, माय."

मी बाजूला झाले. तो खाटेवर बसला, बापाचा हात हातात घेतला.

"हात इतका गार... का रे?" आबा म्हणाले.

"मुक्काम गार व्हता, आबा."

आबा हसले. दिवस कलायच्या आत गेले, हात हातातच. रडणं ऐकून जवळच्या शेतातल्या बाया आल्या, तेव्हा खाटेजवळ मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी तार आली. कुसुमलतेनं दोनदा वाचली. "बर्फाच्या वादळानं विमान अडकलंय, अक्का. भाऊ अजून त्या बेटावरच आहेत."

खरा शालिग्राम चार दिवसांनी आला. दाढी वाढलेली, डोळे खोल. बापाची रिकामी खाट बघून माझ्या पायाशी बसला. म्हणाला, "तिथं बाकावर झोपलो होतो, माय. लोक हलवत होते, मला जाग येईना. तेव्हापासून अंगात ऊब नाही. शेकोटीजवळ बसलो तरी नाही."

महिनाभर राहिला. जेवला, बोलला, पण परक्या घरी बसल्यासारखा. मग गेला. पुढच्या वर्षी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. घराची ओढ असलेला जीव तर आधीच घरी आला होता. अंगाला कोण ओढून आणणार?

तो जीव इथंच आहे. दुपारी गाव शेतात गेलं की आबांच्या खाटेवर येऊन बसतो. मी भाकरी करते, तो बघत राहतो. 'जाय आते, भाऊ', आता जा लेकरा, एवढाच निरोप मला द्यायचा आहे. म्हटलं तर कदाचित खरा लेक येईल. पण न आला तर? मग दुपारी खाटही रिकामी... रोज वाटतं, उद्या म्हणू. चार वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात लताचं पत्र आलं. कुसुमलता वाचत होती: "इथं गुडघाभर बर्फ आहे. तरी रोज सकाळी ह्यांच्या पलंगाजवळ जमिनीवर काळ्या मातीचे ठसे असतात. दारापासून उशापर्यंत. ह्यांचे नाहीत, आई. बाईमाणसाचे आहेत, अनवाणी. डाव्या पायाला करंगळी नाही."

कुसुमलता वाचायची थांबली. खाली बघू लागली.

मी डावा पाय लुगड्यात ओढून घेतला.