टाकी निम्मी होती

मिस्त्रीनं गॅरेजच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "मला आत टाका. वहिनींना मी मारलं."

फौजदारबाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. इतक्या घाईनं गुन्हा कबूल करणाऱ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नसे. खरा गुन्हेगार आधी वकील आणतो आणि मग छातीत दुखतंय म्हणतो, हा त्यांचा अनुभव होता.

"बसा. नीट सांगा."

"मास्तरांची जुनी गाडी आहे ना, तिला पेट्रोलचा नवा पंप बसवला. तो फारच जोरात ढकलायचा. कार्ब्युरेटर भरून वाहायचा. म्हणून मध्ये दाब कमी करायला रेग्युलेटर लावला. जास्तच आवळला असणार मी. काल पहाटे मास्तरांच्या मंडळींना दम लागला, मुलगा त्यांना दवाखान्यात घेऊन निघाला आणि गाडी खिंडीच्या चढावर बंद पडली. पेट्रोलच पोचलं नसणार. तिथंच गेल्या वहिनी."

"गाडीत आणखी काय केलंत?"

"किरकोळ. प्लग पुसले. टाकीचं झाकण गंजलं होतं, ते नवीन आणलं."

"बरं. घरी जा."

मिस्त्री गेला नाही. बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसला.

मास्तरांची तक्रारही हीच होती. शाळेपासूनचा दोस्त, पण आता त्याचं तोंड बघायचं नाही म्हणाले. तक्रार द्यायला येण्याआधी त्यांनी हातोड्यानं गाडीचे दोन्ही दिवे फोडले होते. केस अगदी सरळ होती, आणि केस सरळ दिसली की बाईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागे.

मुलगा चाळिशीचा. आई अंथरुणाला खिळल्यावर त्यानं नोकरी सोडली होती. औषधं, ऑक्सिजनची नळी, अंघोळ, सगळं तोच बघायचा.

"गाडी बंद पडल्यावर काय केलंत?"

"सगळं करून बघितलं, मॅडम. स्टार्टर मारला. बॉनेट उघडलं. पेट्रोलचा काटा चालत नाही, म्हणून टाकीचं झाकण काढून आत काडी घातली. टाकी निम्मी होती."

"मग?"

"मग काय? फोनला रेंज नाही. तासभर नुसते बसलो. टेम्पोवाला आला तोवर आई गेली होती."

टेम्पोवाला भला माणूस होता. "बाई मागच्या सीटवर, डोकं पोराच्या मांडीवर. मला तर काही सुचेना. बॉनेटवर हात टेकला तर चटकाच बसला. एवढी थंडी पडली होती, तरी."

बाईंनी चहा पुन्हा मागवला आणि या वेळी प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः गाडी चालवायला बसल्या. पेट्रोलच्या नळीला दाबाचं मीटर जोडलं होतं आणि ते काचेवर बाहेरून चिकटपट्टीनं लावलं होतं. शेजारी मुलगा. मास्तर हट्टानं मागे बसले, बायकोच्या जागी.

गाडी छान निघाली. मीटरचा काटा हवा तिथंच होता. म्हणजे रेग्युलेटर बरोबर होता. मिस्त्री उगाच स्वतःला कोसत होता. गाव सुटलं, चढ लागला आणि काटा हळूहळू खाली यायला लागला. गाडीनं दोन आचके दिले आणि खिंडीत बंद पडली.

"आता तेव्हा जे केलंत ते करून दाखवा," बाई म्हणाल्या.

मुलानं स्टार्टर मारला. काही नाही. बॉनेट उघडलं, मिटलं. मग तो मागे टाकीपाशी गेला, झाकणावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"काढा ना झाकण."

तो काढेना. शेवटी बाईंनीच उतरून झाकण फिरवलं. फुस्स करून टाकीनं हवा आत ओढली. बाई परत येऊन बसल्या, किल्ली फिरवली. काटा वर चढला आणि पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू झालं.

"जुन्या झाकणाला बारीक भोक होतं," बाई मास्तरांना म्हणाल्या. "पेट्रोल खर्च होईल तशी त्यातून हवा आत जायची. या नव्याला भोक नाही. हवा मिळेना की टाकी पेट्रोल सोडत नाही, आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. पण झाकण नुसतं उघडलं की गाडी चालू. तुमच्या मुलानं ते उघडलं होतं. टाकी निम्मी होती हे त्याशिवाय कळलं नसतं. आणि तासभर बंद असलेल्या गाडीच्या बॉनेटचा ऐन थंडीत चटका बसत नाही. गाडी चालू होती, मास्तर. उभी होती, पण चालू होती."

मुलगा रस्त्याकडेला खाली बसला.

"पहिल्याच फटक्यात चालू झाली," तो म्हणाला. "हात गिअरवर होता माझा. म्हटलं, नेलं की पुन्हा नळ्या, पुन्हा घरी, पुन्हा तेच. एक मिनिट बसू म्हटलं. मग मागे जाऊन तिला जवळ घेतलं. टेम्पो दिसला तेव्हा मागूनच हात घालून इंजिन बंद केलं."

"आईनंच सांगितलं होतं का थांबायला?" बाईंनी मुद्दाम विचारलं. माणसाला आधाराला काहीतरी असावं, एवढाच हेतू होता.



"नाही. ती विचारत होती, पोचलो का रे?"

"मग?"

"मी हो म्हणालो."

मास्तर सीटवरून हात फिरवत राहिले. गाडी वळवून गावात आणेपर्यंत ते तेच करत होते.

मिस्त्री अजून बाकड्यावरच होता. बाई त्याच्या शेजारी बसल्या आणि त्याला सगळं सांगितलं. रेग्युलेटर बरोबर होता हे दोनदा सांगितलं. गाडी चालू झाली होती, हेही. मग किल्ल्या त्याच्यापुढे धरल्या.

"सुटलात, मिस्त्री. गॅरेज उघडा."

मिस्त्रीनं किल्ल्या घेतल्या नाहीत.

"पण बंद पडली ती झाकणामुळेच ना, मॅडम?"

"हो."

"बंद पडली नसती तर पोरगं थांबलं असतं?"

बाईंनी कबूल करून घेतलेले गुन्हे पुष्कळ होते. हा मात्र नाकारून दाखवायचा होता. किल्ल्या त्यांच्याच हातात राहिल्या.